वरून दिसलेलं घर

अप्पा माणसं ओळखायचे ती डोक्यावरून. डोक्यावरून म्हणजे अक्षरशः डोक्यावरून, चेहऱ्यावरून नव्हे. बंदरातल्या मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांचा उभा जन्म खाली बघण्यात गेला होता. केबिनच्या भिंती काचेच्या, जमीनही काचेची. दोन पायांच्या मधून खाली वाकून बघायचं, दोरांना लटकलेली लोखंडी चौकट कंटेनरच्या चारही कोपऱ्यांवर अलगद टेकवायची, पेटी उचलायची, जहाजावर नेऊन ठेवायची आणि पुन्हा मागे यायचं. कोणाचं हेल्मेट कुठल्या बाजूला कललेलं असतं, कोण पाय ओढतो, साहेब दिसला की कोणाची चाल एकदम बदलते, हे त्यांना वरून बरोब्बर कळायचं. तीच माणसं जमिनीवर समोर आली की मात्र अप्पा गडबडायचे. त्यांच्या पाळीचा मुकादम म्हणायचा, "अप्पांना ओळख पटवायची असेल तर टोपी काढून टक्कल पुढे करावं."

आणि त्यांची धाकटी मुलगी नेमकी उलट. तिचं सगळं काम नाकापासून वीतभर अंतरावर चालायचं. एका पॅकेजिंग कंपनीत ती ग्राफिक डिझायनर होती. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, मलमाच्या ट्यूबा, पावडरच्या पुड्या, या सगळ्यांवरची लेबलं ती करायची. करंगळीएवढ्या जागेत औषधाचं नाव, आतले घटक, कधीपर्यंत वापरावं, मुलांच्या हाती लागू देऊ नये, हे सगळं बसवायचं, आणि वर ते म्हाताऱ्या माणसाला वाचताही आलं पाहिजे. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "आमचं नाव जरा मोठं करा." ती करायची. दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक म्हणायचं, "आता बाकीचंही जरा मोठं करा." ती तेही करायची. बाटली तेवढीच असताना हे कसं जमायचं ते तिचं तिलाच ठाऊक.

अप्पांना या गोष्टीचं फार नवल वाटायचं. तोंडावर त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण औषधांच्या दुकानावरून जाताना ते हमखास आत शिरायचे. मांडणीवर तिच्या हातची लेबलं असलेल्या बाटल्या शोधायचे आणि एकेक बाटली फिरवून तिचं तोंड पुढे करून ठेवायचे.

"काका, खोकला झालाय का?" दुकानदाराने एकदा विचारलं.

"नाही."

"मग?"

"बघतोय," अप्पा म्हणाले आणि बाहेर पडले.

नोकरीत हात बांधलेले असले की माणूस घरी येऊन ते मोकळे सोडतो. धाकटीचं तसंच होतं. घरात कुणाचा काही खास दिवस आला की ती आठवडाभर आधीपासून गप्प गप्प व्हायची, आणि माई, म्हणजे तिची आई, ओळखायची की हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. माईंच्या पन्नाशीला तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना औषधांच्या थाटाची लेबलं लावली. मिठाच्या डब्यावर लिहिलं होतं, "चवीपुरतं. मात्रा जास्त झाल्यास नवऱ्याचं तोंड वाकडं होण्याचा संभव." साखरेच्या डब्यावर, "अप्पांपासून दूर ठेवावी." माई आठवडाभर शेजारपाजारच्या बायकांना बोलावून डबे दाखवत होत्या. थोरला मुलगा परदेशातल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून निघाला तेव्हा तिने त्याच्यासाठी एक पासपोर्ट केला, पण देशाचा नाही, घराचा. आत प्रत्येक खोलीचा शिक्का होता, आणि शेवटच्या पानावर 'परत येण्यास मुदत नाही' असं ठसठशीत छापलेलं. तो वाचून एवढा धिप्पाड गडी विमानतळावर हुंदके देत उभा होता. जावई, म्हणजे तिचा नवरा, शाळेत खेळाचा मास्तर. त्याच्या वाढदिवसाला सगळ्या जिन्यात पत्रकं लागली, "हरवली आहे: शिट्टी. आणणाऱ्यास मास्तरांकडून पळण्याची शिक्षा माफ."

सगळ्यांसाठी तिला काही ना काही सुचायचं. घोडं पेंड खायचं ते अप्पांपाशी. दर वाढदिवसाला ती त्यांना एक कार्ड द्यायची. कधी उघडलं की आतून जहाज उभं राहायचं, कधी दोरा ओढला की क्रेन हलायची. अप्पा ते हातात धरायचे, चष्मा वर करायचे, खाली करायचे, म्हणायचे "छान", आणि टेबलाच्या काचेखाली सरकवायचे. मनात पुष्कळ असायचं. हे एवढंसं कागदाचं जहाज घडी उघडताच ताठ उभं कसं राहतं, या विचाराने त्यांना रात्री झोप लागायची नाही. पण ओठांवर यायचं ते "छान"च.

एकदा धाकटी माईंना म्हणाली, "अप्पांसाठी मला काही जमतच नाही बघ. त्यांना लांबून बघायची सवय, आणि मी सगळं जवळून बघायचं करते."

माईंच्या पोटात काही राहत नसे. त्यांनी ते संध्याकाळी अप्पांना सांगितलं. अप्पांना वाईट वाटलं. "अगं, तिला सांग मला आवडतात म्हणून."

"तुम्हीच सांगा ना. तोंड आहे ना तुम्हाला?"

ते काही झालं नाही.

मग अप्पांच्या निवृत्तीचं वर्ष आलं, आणि धाकटी घरी आली की विचित्र वागायला लागली. येताना पर्समध्ये मोजायची टेप असायची. बोलता बोलता उठून ती पलंगाची लांबी मोजायची. दारापासून टेबलापर्यंतचं अंतर, पाण्याच्या पिंपाचा घेर, चपलांच्या कोपऱ्याची रुंदी, काही सोडलं नाही. एकदा तर स्टुलावर चढून पंख्याची पाती मोजत होती.

"फरशी बदलायची आहे का?" अप्पांनी विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

"फरशी बदलायला पंखा कशाला मोजायचा?"

"अप्पा, तुम्ही चहा घ्या."

त्यांनी माईंकडे पाहिलं. जिच्या पोटात तीळ भिजत नाही ती माई मूग गिळून बसली होती, आणि ते गिळणं तिला इतकं जड जात होतं की चेहरा लाल झाला होता. अप्पांच्या मनात पाल चुकचुकली. आपण निवृत्त झाल्यावर ही पोरगी घर पाडून नवं बांधणार असं काहीतरी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि ते आतल्या आत कष्टी झाले. घर लहानच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधला बोळ आणि एक गॅलरी. स्वयंपाकघराचा एक कोपरा बाहेरच्या जिन्यामुळे तिरका कापला गेला होता, तिथे कपाट कधी नीट बसलं नाही. पण त्यांना ते तसंच हवं होतं. हेही त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

शेवटच्या पाळीच्या आदल्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. त्या दिवशी माई सकाळीच "बाजारात जाऊन येते" म्हणून बाहेर पडल्या त्या दुपार टळून गेल्यावर आल्या. पिशवी रिकामी आणि पायांना पांढरी धूळ.

"बाजार नव्हता का भरला?"

"होता की. काही आवडलं नाही," माई म्हणाल्या आणि थेट पाय धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा शेवटचे वर गेले. लिफ्टमधून जाताना त्यांना दिसलं की बंदराच्या कुंपणालगतचं ट्रकतळाचं मैदान रिकामं केलेलं आहे आणि त्यावर मोठमोठ्या ताडपत्र्या अंथरून कडांवर टायर ठेवलेत. त्यांनी वॉकीटॉकीवर मुकादमाला विचारलं.

"डांबराचं काम निघालंय," मुकादम म्हणाला. "तुम्ही तुमचं काम बघा अप्पा. आज तरी."

अप्पांनी काम बघितलं. दिवसभर त्यांनी एकेक पेटी अशी ठेवली की खालच्या माणसाला ती टेकल्याचा आवाज येऊ नये. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या मनात जे यायचं ते सगळं येत होतं, पण हात कुठे हलला नाही. शेवटची पेटी जहाजावर बसली, चौकट मोकळी झाली, आणि वॉकीटॉकी खरखरली.

"अप्पा, केबिन मागे घ्या. पार जमिनीकडच्या टोकापर्यंत. दोर वर ओढून घ्या आणि सगळं बंद करा."

त्यांनी तसं केलं. केबिन आडव्या तुळईवरून सरकत मागे आली आणि थांबली.

"आता डाव्या हाताला खाली बघा."

ताडपत्र्या काढलेल्या होत्या. काळ्या डांबरावर पांढऱ्या रेघा मारलेल्या दिसत होत्या. आधी अप्पांना काही उलगडेना. खेळाचं मैदान आखलंय असं वाटलं. चौकोन, चौकोनाला लागून चौकोन, मधे एक अरुंद पट्टा. मग त्यांची नजर एका कोपऱ्यावर गेली. बाकी सगळे कोपरे काटकोनात होते, हा एकच तिरका होता. जिन्याने कापल्यासारखा.

अप्पा खुर्चीतून अर्धवट उठले.

ते त्यांचं घर होतं. छप्पर काढून ठेवलेलं त्यांचं घर, जितकं आहे तितकंच, तळहाताएवढं होऊन खाली पडलं होतं. टेबल होतं, आणि टेबलाच्या काचेचा चौकोनही होता. पिंप होतं, नुसतं एक वर्तुळ, आणि त्यात झाकणाचं दुसरं वर्तुळ. दाराशी चपलांचे जोड होते. पलंग होता आणि पलंगाच्या बरोबर मधोमध पंख्याची तीन पाती काढलेली होती, कारण छप्पर काढून वरून बघितलं तर पलंगाच्या आधी पंखा दिसणार. हे तिला कसं सुचलं असेल, या विचाराने अप्पा काचेवर आणखी वाकले. सगळा जन्म त्यांनी जग वरून पाहिलं होतं, पण आपलं घर आपण वरून कधी पाहिलेलं नाही ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या ध्यानात कधी आली नव्हती.

वॉकीटॉकीवर धाकटीचा आवाज आला. "अप्पा, सकाळ झालीय. तुम्ही आत्ताच कामाला बाहेर पडलात."

मैदानाच्या कडेला उभी असलेली माणसं चालत आली. माई आल्या, त्यांची ती डावीकडे झुकणारी चाल अप्पांनी मैलावरून ओळखली असती. त्या आखलेल्या दारातून आत शिरल्या. मागून एक उंच माणूस आला. टाळूवर केस विरळ होते, पण डोक्याच्या मागचा भोवरा अप्पांच्या ओळखीचा होता. हा भोवरा त्यांनी त्याच्या लहानपणी कितीदा तेल लावून बसवायचा प्रयत्न केला होता. थोरला आला होता. कोणाला ताकास तूर न लागू देता समुद्रापलीकडून आला होता. तो टेबलाशी आखलेल्या खुर्चीच्या चौकोनावर जमिनीवरच बसला आणि पुस्तकात मान घालावी तशी मान घातली. जावई कडेने येता येता सरळ भिंतीतून आत घुसला. माईंनी हात वर करून त्याला थांबवलं. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्या हाताचा अर्थ अप्पांना पाठ होता. जावई मुकाट्याने मागे फिरला, सगळ्या घराला वळसा घालून दारातून आला. केबिनमध्ये एकटेच असलेले अप्पा मोठ्याने हसले.

आणि धाकटी बोळात येऊन पालथी झोपली. मोठी बाई, कंपनीत हाताखाली चार माणसं असलेली, डांबरावर पालथी पडली, पाय मागे हवेत उभे केले आणि एका तळहातावर हनुवटी टेकून दुसऱ्या हाताने जमिनीवर काहीतरी काढायला लागली.

मग घराचा दिवस सुरू झाला. माई स्वयंपाकघरातून खोलीत जात होत्या, खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून परत. वाटेत बोळ होता आणि बोळात धाकटी. दर वेळी माई तिला ओलांडून जायच्या. हातात कपड्यांचं काल्पनिक बोचकं घेऊन ओलांडायच्या, पाण्याची काल्पनिक बादली घेऊन ओलांडायच्या, आणि एकदाही तिला म्हणाल्या नाहीत की ऊठ, बाजूला हो. ओलांडताना पाऊल जरा जास्तच उंच उचलायच्या, रेघ पुसली जाऊ नये म्हणून. अप्पांना नीट दिसत होतं. आपण घरी नसताना ही पोर अशी वाटेत पडून चित्रं काढायची, आणि आपली बायको दिवसभर तिच्यावरून पाय उचलून जात राहायची, वर्षानुवर्षं. ती डिझायनर कशी झाली हे त्यांना तोवर कोडंच होतं. आता ते वरून उलगडून समोर पडलं होतं, आणि त्याचा अर्धा भाग माईंच्या पावलांत होता.

"दुपार," धाकटी वॉकीटॉकीवर म्हणाली. माई पलंगावर, म्हणजे पंख्याखाली, कलंडल्या. थोरला उठला आणि हळूच साखरेच्या डब्याकडे गेला. अरे चोरा, अप्पा मनात म्हणाले. नाव माझं आणि साखर खाणारा तू.

"संध्याकाळ, अप्पा."

सगळी माणसं उठली आणि गॅलरीत गेली. गॅलरी एवढीशी. माई, थोरला, धाकटी त्या पांढऱ्या पट्ट्यात दाटीवाटीने उभे राहिले. जावई लग्नानंतरचा, म्हणून बाहेर थांबला. तिघंही एका टोकाला सरकली आणि त्यांनी माना वर केल्या. आत्तापर्यंत अप्पांना डोकी दिसत होती. आता तीन चेहरे दिसले, क्रेनकडे वळलेले.

"काय बघताय रे?" त्यांनी विचारलं. 

"तुमचा लाल दिवा," धाकटी म्हणाली. "क्रेनच्या टोकावरचा. गॅलरीच्या कडेला उभं राहिलं की दोन इमारतींच्या फटीतून दिसतो. तुमची पाळी रात्रीपर्यंत असली की माई आम्हाला रोज दाखवायची. दिवा दिसला की अप्पा वर आहेत, आता जेवायला बसा म्हणायची."

अप्पांना हे ठाऊक नव्हतं. दिवसभर क्रेनमध्ये बसून विटलेला माणूस घरी येऊन पुन्हा क्रेन कशाला बघेल? गॅलरीत ते जायचे ते वाळत घातलेला टॉवेल काढायला. त्या फटीतून काय दिसतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपण वर एकटे आहोत असं समजून त्यांनी ती वर्षं काढली होती, आणि खाली रोज तीन माणसं मान वर करून त्यांना शोधत होती.  मग त्यांनी हात पुढे केला आणि क्रेनचा भोंगा वाजवला, एकदाच, लांबलचक. गोदीवरची कामं थबकली. जहाजावरचे खलाशी कठड्याशी आले. खाली थोरल्याने माईंच्या खांद्यावर हात टाकला.

अप्पा लिफ्टने खाली आले तेव्हा पाळीची माणसं मैदानाच्या कडेला जमली होती. रेघांच्या आत मात्र कोणी पाऊल टाकलं नव्हतं. मुकादम सांगत होता, सेफ्टीच्या साहेबांनी आधी साफ नाही म्हटलं होतं, क्रेनच्या खाली माणसं उभी करायची नाहीत. धाकटीने मग स्वतः येऊन कुठवर दोर पोचतात, कुठवर नजर पोचते ते विचारून घेतलं आणि ही जागा शोधली. जावयाने शाळेचं मैदान आखायचं चुन्याचं यंत्र ढकलत आणलं. तिने आधी घर दुप्पट काढायचं ठरवलं होतं, वरून ठळक दिसावं म्हणून, पण माई अडून बसल्या. "माझ्याच घरात मी हरवल्यासारखी दिसेन," म्हणाल्या. तेव्हा घर जेवढ्यास तेवढं राहिलं आणि रेघा जाड झाल्या.

थोरला येऊन गळ्यात पडला. धाकटी चुन्याने माखलेले हात मागे धरून उभी होती. अप्पा तिच्यासमोर गेले. ओठांवर "छान" आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"पंखा," ते म्हणाले. "पलंगाच्या वर पंखा काढलास."

"वरून तोच आधी दिसणार ना."

"हो. तोच आधी दिसणार." त्यांनी वर क्रेनकडे बोट केलं. "मी इतकी वर्षं वर बसलो, मला नसतं सुचलं. तू तर वर कधी आलीही नाहीस. तुला कसं गं दिसलं?"

 ती बाहीने तोंड पुसायला गेली आणि गालावर चुन्याचा पट्टा उठला.

मुकादमाने साहेबांना विचारून आणखी एक गोष्ट घडवून आणली. माईंच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि त्यांना अप्पांबरोबर लिफ्टने वर पाठवलं. काल-आज सोडलं तर इतक्या वर्षांत त्या कधी बंदराच्या फाटकाच्या आत आल्या नव्हत्या. काचेच्या जमिनीवर पाय ठेवायला त्या तयारच होईनात. अप्पांनी दंड धरला तेव्हा एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग हळूच डोळे उघडले.

समुद्र दिसला, जहाजं दिसली, खेळण्यातल्यासारखे ट्रक दिसले. माईंनी त्यातलं काही पाहिलं की नाही देव जाणे. त्यांनी डावीकडचं घर शोधलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "एवढंसंच आहे की आपलं घर."

"एवढंसंच आहे."

"मला वाटायचं, केवढं झाडते मी."

अप्पांनी त्यांचा दंड सोडला नाही. खाली माणसं पांगत होती. थोरला आणि जावई ताडपत्र्यांच्या घड्या घालत होते. रिकाम्या घरात धाकटी एकटीच होती, उकिडवी बसलेली, हातात ब्रश.

"आता काय करतेय ती?" अप्पांनी विचारलं. "संपलं ना सगळं."

माईंनी वाकून बघितलं. "दाराची रेघ पुसली गेली होती लोकांच्या जाण्यायेण्यात. ती नीट करतेय. उद्या ट्रक येणार तिथे, माहितीये तिला. पण राहवत नाही."

ब्रशचा पांढरा ठिपका हळूहळू सरकत होता. दोघंही काचेवर उभी राहून, एकमेकांना धरून, ती रेघ पुरी होईपर्यंत बघत राहिली.